दारू महागली की मारामारी थांबते?

लंडनच्या सेंट ल्यूक भागात ब्लू अँकर अ‍ॅली नावाची एक गल्ली होती. तिथे डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या एका खटपट्या माणसाने एक घर भाड्याने घेतलं. रस्त्याकडच्या खिडकीवर त्याने मांजराच्या आकाराची पाटी ठोकली आणि मांजराच्या पंजाखाली शिशाची नळी बसवली. नळीचं तोंड जेमतेम इंचभर बाहेर, आतल्या टोकाला नरसाळं. गिऱ्हाईक यायचं, मांजराच्या तोंडात नाणी सरकवायचं आणि दोन पेनीची जिन मागायचं. आत बसलेला ब्रॅडस्ट्रीट नरसाळ्यात तेवढी जिन ओतायचा आणि ती पंजाखालून बाहेर यायची. विकणारा कुणाला दिसत नसे. बेकायदा विक्रीची खबर देणाऱ्याला विक्रेत्याचं नाव सांगावं लागे, आणि या घरात कोण राहतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ही शक्कल लढवायला लावली ती एका कराने. १७३६ साली ब्रिटिश संसदेने जिनच्या किरकोळ विक्रीवर गॅलनमागे २० शिलिंग कर बसवला आणि विक्रीच्या परवान्याची वार्षिक फी ५० पौंड ठेवली. साध्या मजुराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा ही रक्कम कितीतरी जास्त होती. हेतू उघड होता. गरिबाला जिन परवडताच कामा नये, म्हणजे रस्त्यावरची झिंग, चोऱ्या आणि मारामाऱ्या आपोआप आटोक्यात येतील. शहरातली हिंसा कराच्या जोरावर कमी करता येते का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला अठराव्या शतकातलं लंडन हे माझ्या मते सर्वांत चांगलं ठिकाण आहे. तिथे हा उपाय एकदा नव्हे, तीस वर्षांत पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या पद्धतीने करून पाहिला गेला. काही वेळा तो साफ फसला आणि काही वेळा लागू पडला.

आधी शहरात एवढी जिन आली कुठून, ते पाहू. १६८९ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला आणि फ्रान्सशी युद्ध सुरू झालं. फ्रेंच ब्रँडी बंद झाली. तिची जागा देशी मालाने घ्यावी म्हणून १६९० मध्ये धान्यापासून दारू गाळण्याचा धंदा जवळपास सर्वांना खुला केला गेला. जमीनदारांचं धान्य खपू लागलं, सरकारला महसूल मिळू लागला आणि सगळे खूश झाले. एका पिढीत लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये किराण्याच्या दुकानात, तळघरात, हातगाडीवर, कुठेही जिन मिळू लागली. बिअर पिणाऱ्या शहराला तिच्या कितीतरी पट कडक पेय जवळपास बिअरच्याच भावात मिळालं.

१७३४ च्या सुरुवातीला ओल्ड बेली न्यायालयात ज्युडिथ डफूर नावाच्या बाईवर खटला चालला. तिची दोन वर्षांची मुलगी अनाथ-गरिबांच्या आश्रमात होती आणि तिथे तिला नुकतेच नवे कपडे मिळाले होते. ज्युडिथ तिला थोड्या वेळासाठी बाहेर घेऊन गेली, तिचा गळा आवळला आणि अंगावरचे कपडे काढून विकले. आलेल्या पैशांची जिन प्यायली. तिला फाशी झाली. जिनविरोधी पत्रकांमध्ये हे प्रकरण वर्षानुवर्षं सांगितलं जात राहिलं. एका प्रकरणावरून शहराचा निवाडा करू नये हे खरं. पण तिने कपडे विकून जिन घेतली यात दारूच्या भावाचा प्रश्नही दडलेला आहे. लेकराच्या झबल्या-परकराच्या किमतीत जिथे झिंग येईल एवढी दारू मिळते, तिथे दारूची किंमत ही कुणाची तरी सुरक्षितता ठरवत असते.

संसदेने पहिला हात १७२९ मध्ये उचलला होता. तेव्हा फळा-मसाल्यांचा स्वाद दिलेल्या दारूवर गॅलनमागे कर आणि विक्रेत्याला २० पौंडांची परवाना फी बसली. गाळणाऱ्यांनी जिनला स्वाद देणारी जुनिपरची फळं घालणंच सोडून दिलं आणि बिनस्वादाची कच्ची दारू विकायला काढली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘पार्लमेंट ब्रँडी’. चार वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. मग आला १७३६ चा कायदा, जो २९ सप्टेंबरपासून लागू झाला. त्या दिवशी शहरात जिनच्या नावाने खोट्या प्रेतयात्रा निघाल्या. कायद्याचे पुरस्कर्ते सर जोसेफ जेकिल यांच्या घराबाहेर सैनिकांचा पहारा ठेवावा लागला. ५० पौंडांचे परवाने किती जणांनी काढले? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. बाकीचे हजारो विक्रेते पूर्वीसारखेच विकत राहिले, फक्त चोरून.

या कराचा खरा दोष त्याच्या जागेत होता. तो दारू गाळणाऱ्या मोजक्या मोठ्या भट्ट्यांवर नव्हता. तो शहरभर विखुरलेल्या शेवटच्या पेल्यावर होता. एवढे पेले पाहणार कोण? तेव्हाच्या लंडनमध्ये पगारी पोलीस दलच नव्हतं. म्हणून सरकारने खबऱ्यांवर भिस्त ठेवली आणि दंडातून खबऱ्याला ५ पौंड बक्षीस लावलं. गरीब वस्तीत ५ पौंडांसाठी शेजाऱ्याने शेजारणीला पकडून दिलं. पकडल्या जाणाऱ्यांत टोपलीत बाटली घेऊन फिरणाऱ्या विधवा आणि मोलकरणी पुष्कळ होत्या. दंड भरता न येणारी थेट तुरुंगात जायची. लोक चिडले आणि खबऱ्यांना दगडांनी ठेचू लागले, चिखलातून फरपटवू लागले, नदीत बुडवू लागले. काही जण जिवानिशी गेले. जानेवारी १७३८ मध्ये वेस्टमिन्स्टरचे दंडाधिकारी थॉमस डी व्हील यांच्या घरी आसरा घेतलेल्या खबऱ्यांसाठी जमावाने घराला वेढा घातला. त्याच वर्षी खबऱ्यांवर हात उचलणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा नवा कायदा करावा लागला. हिंसा कमी करायला आणलेल्या कराने रस्त्यावर नवी हिंसा आणली होती. आणि जिनचा खप काही वर्षांतच पुन्हा चढू लागला.

१७४३ मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धासाठी सरकारला पैसा हवा होता. तेव्हा संसदेने हा सारा डोलारा मोडला. परवान्याची फी ५० पौंडांवरून एका पौंडावर आली आणि कर मुख्यतः भट्टीवर, माल बाहेर पडतो तिथेच, थोडासा वाढवला गेला. हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या बिशपांनी विरोध केला. पापातून महसूल काढताय, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण हिशेबात ते चुकले. परवाना स्वस्त होताच विक्रेते रांग लावून परवाने घेऊ लागले. परवाना असणाऱ्याला तो गमवायची भीती असते, म्हणून तो आपलं दुकान बरं ठेवतो आणि बिनपरवाना शेजाऱ्याची तक्रार स्वतःच करतो. १७५१ च्या कायद्याने आणखी स्क्रू आवळले. कर थोडा वाढला, परवाना दोन पौंडांचा झाला, गाळणाऱ्यांना किरकोळ विक्री बंद झाली, तुरुंगात आणि आश्रमात दारू विकायला मनाई झाली. शिवाय एका पौंडाच्या आतली दारूची उधारी कोर्टात वसूल होणार नाही असं ठरलं. हे शेवटचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. उधारीवर पिणारा माणूस किंमत पाहत नाही, आणि ज्याला किंमत दिसत नाही त्याला कर अडवत नाही.

१७५१ च्या आसपास इंग्लंडात वर्षाला सुमारे ७० लाख गॅलन दारू कर भरून बाहेर पडत होती. १७६० पर्यंत हा आकडा २० लाखांच्या आसपास उतरला. सगळं श्रेय कराला देता येणार नाही. १७५७ पासून पिकं बुडाली आणि धान्यापासून दारू गाळणंच तीनेक वर्षं बंद होतं. महागाईने मजुराच्या हातात पैसाही कमी राहिला. पण १७६० मध्ये भट्ट्या पुन्हा पेटल्या त्या चढ्या कराखालीच, आणि जुने दिवस परतले नाहीत. हिंसेच्या बाबतीतही हिशेब जपून करायला हवा. कादंबरीकार आणि दंडाधिकारी हेन्री फील्डिंगने १७५१ मध्ये लुटारूंच्या सुळसुळाटाचा दोष जिनवर ठेवला आणि चित्रकार होगार्थने त्याच वर्षी ‘जिन लेन’ हे चित्र छापलं. पण १७४८ मध्ये युद्ध संपून हजारो सैनिक-खलाशी बेकार होऊन शहरात आले होते, हेही त्या सुळसुळाटाचं एक कारण होतं.

दोन शतकांनंतर आकडे जास्त नेटके मिळू लागले. मार्विन वुल्फगँग या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांच्या पोलीस फायली एकेक करून वाचल्या. जवळपास ६४ टक्के प्रकरणांत मारणारा, मरणारा किंवा दोघेही प्यायलेले होते. शनिवारी खून सर्वाधिक व्हायचे. आठवड्याचा पगार हातात पडलेला असायचा. त्या फायलींमध्ये मोठी कटकारस्थानं फार थोडी होती. क्षुल्लक बाचाबाची, शिवी, धक्का, किरकोळ पैशांवरून वाद, असंच सगळं होतं. दारू माणसाला राक्षस बनवत नाही. ती त्याची नजर आखूड करते. समोरची शिवी दिसते, उद्याचा तुरुंग दिसत नाही. दोन्ही बाजू अशा आखूड नजरेच्या असल्या की मध्यस्थी करणारंही कुणी उरत नाही. शहरात बार एकमेकांना लागून असतात आणि बंद व्हायची वेळ एकच असते. शंभर झिंगलेली माणसं एकाच फुटपाथवर, एकाच रिक्षासाठी भांडत उभी राहतात.

मग भाव थोडा वाढला तर? १ जानेवारी १९९१ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारने बिअरवरचा कर बॅरलमागे ९ डॉलरवरून १८ डॉलर केला. ग्राहकाच्या हिशेबात सहा कॅनच्या खोक्यामागे फक्त १६ सेंटची वाढ. ड्यूक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप कुक आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टीन ड्युरन्स यांनी या वाढीचा माग काढला. कर तर सगळ्या देशात एकाच दिवशी वाढला होता, मग तुलना कुणाशी करायची? त्यांनी राज्याराज्यांतला फरक पकडला. जिथे दरडोई दारू जास्त प्यायली जाते तिथे कराचा परिणाम जास्त दिसायला हवा आणि जिथे कमी तिथे कमी. नेमकं तसंच दिसलं. त्यांच्या अंदाजाने त्या एका वर्षात अपघात, आत्महत्या, खून अशा इजांनी होणारे मृत्यू चार-पाच टक्क्यांनी, म्हणजे साडेसहा ते सात हजारांनी कमी झाले. हिंसक गुन्ह्यांवरचा परिणाम त्याहूनही मोठा होता.

हिंसेबाबत इतर अभ्यासांचे आकडे याहून लहान आहेत आणि तेही सांगितले पाहिजेत. अलेक्झांडर वॅगेनार यांनी २०१० मध्ये पन्नास शोधनिबंध एकत्र तपासले. दारूवरचा कर दुप्पट केला तर दारूशी निगडित मृत्यू सरासरी ३५ टक्क्यांनी घटतात आणि रस्ते अपघातातले मृत्यू ११ टक्क्यांनी, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिंसेतली घट मात्र फक्त २ टक्के. म्हणजे यकृत कराचं लवकर ऐकतं, मूठ उशिरा ऐकते. दोन टक्क्यांवर हसू येईल, पण अमेरिकेत कर हा बाटलीच्या किमतीचा लहानसा भाग आहे, तो दुप्पट झाला तरी किंमत थोडीच चढते. शिवाय या दोन टक्क्यांसाठी एकही जादा पोलीस लागत नाही, एकही तुरुंग बांधावा लागत नाही, उलट तिजोरीत पैसा येतो. दुसरा कोणता उपाय स्वतःचा खर्च भागवून माणसांची डोकी फुटायची वाचवतो?

हिंसा मोजायची कशी, हा यातला अवघड भाग. त्यावर वेल्सची राजधानी कार्डिफमधले तोंड आणि जबड्याचे शल्यविशारद जोनाथन शेफर्ड यांनी साधा मार्ग काढला. फुटलेल्या ग्लासांनी चिरलेले चेहरे शिवताना त्यांच्या लक्षात आलं की यातल्या पुष्कळ मारामाऱ्या पोलिसांच्या नोंदीत नाहीतच. मार खाणारा तक्रार करत नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येतो. म्हणून तातडीच्या विभागात नोंदणी करणाऱ्या कारकुनाने प्रत्येक जखमीला विचारायचं ठरलं: कुठे झालं, किती वाजता, कशाने मारलं. नाव-गाव वगळून ही माहिती पोलिसांना आणि पालिकेला जाऊ लागली आणि कोणता बार, कोणता चौक हे समोर आलं. अशाच दवाखान्यांतल्या नोंदींवरून कार्डिफच्या संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधल्या दारूच्या भावाचा अभ्यास केला. महागाईहून एक टक्का जास्त भाव वाढला तर मारहाणीने तातडीच्या विभागात येणारे वर्षाला सुमारे सहा हजारांनी कमी होतील, असा त्यांचा २०१७ मधला अंदाज होता. पोलीस ठाण्यातले आकडे पोलिसांच्या तत्परतेवर हलतात, टाके मात्र खोटं बोलत नाहीत.

कराविरुद्ध एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. दारू महागली तर व्यसनी माणूस पिणं सोडणार नाही, बायकोच्या मजुरीचे पैसे जास्त ओढेल, नाही दिले तर मारेल. अट्टल पिणारे भावाला कमी जुमानतात हे आकडेही सांगतात. भाव १० टक्के वाढला तर त्यांचं पिणं तीन टक्क्यांच्या आत-बाहेर कमी होतं, बाकीच्यांचं त्याहून जास्त. पण कमी होतंच. आणि दुसरी बाजूही पाहा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवरा वारंवार झिंगतो असं सांगणाऱ्या बायकांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी नवऱ्याचा मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. नवरा पीतच नाही अशांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. या दोन आकड्यांमधल्या दरीत फक्त दारू नाही, गरिबी आणि संस्कारही आहेत. तरी ‘कधीमधी पिणारा’ हा ‘वारंवार झिंगणारा’ होण्याआधी जो कर आडवा येतो, तो त्या घरातल्या बाईच्या बाजूने उभा असतो.

मग कर कशाला, दारूबंदीच का नको? हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जातोच, आणि त्याचं उत्तर मुंबईने स्वतः दिलेलं आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, पूर्ण बंदी १९५० पासून. लंडनच्या ५० पौंडांच्या परवान्याचंच हे टोक होतं. काही वर्षांत खाडीकाठच्या झुडपांत हातभट्ट्या पेटल्या आणि गल्लोगल्ली ‘आंटीचे अड्डे’ उभे राहिले. वरदराजन मुदलियारसारख्यांची टोळी याच पैशावर पोसली गेली. हप्ता, खबरी, त्यावरून चाकू, सगळं आलं. १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, तोवर टोळ्यांना भांडवल मिळून गेलं होतं. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती बंदीच्या काळातली नव्हती, परवान्याची देशी दुकानं शहरात उघडी होती. पण ज्याला तीही महाग पडते त्याच्यासाठी त्याहून स्वस्त काहीतरी कुणीतरी आणतंच, आणि त्यात मिथेनॉल असू शकतं. म्हणून कराबरोबर हातभट्टीवरची धाड चालायलाच हवी.

सीमेचाही प्रश्न आहेच. गोव्यात कर कमी, म्हणून बांद्याच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची माणसं रात्र-रात्र टेम्पो तपासतात. दोन शेजारी राज्यांतल्या दरात मोठी तफावत ठेवली की वाहतुकीचा एक नवा धंदा उभा राहतो आणि त्याचा मलिदा सरकारला मिळत नाही. वस्तीपुरतं बोलायचं तर आपल्याकडे ‘आडवी बाटली’चं मतदान आहे. वॉर्डातल्या महिलांनी मतदानातून दुकान बंद करायचं ठरवलं तर ते बंद होऊ शकतं. कर सगळ्या राज्याला एकसारखा लागतो, हे मतदान मात्र ज्या कोपऱ्यावर बायकांची छेड काढली जाते, ज्या दुकानासमोर रोज हाणामारी होते, नेमक्या त्या दुकानावर चालतं. दोन्ही साधनं हवीत.

आणि आता दराचं. अमेरिकेत बिअरवर बॅरलमागे ९ डॉलर हा दर १९५१ मध्ये ठरला आणि चाळीस वर्षं तसाच राहिला. कुणी करकपात जाहीर केली नाही, पण महागाईने दरवर्षी थोडा थोडा कर गुपचूप खाल्ला. १९९१ ची ‘दुप्पट’ वाढ त्यातला काही भागच भरून काढू शकली. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क जाहीर निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. देशी दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरमागे (म्हणजे मद्यार्काच्या प्रमाणावर मोजलेल्या लिटरमागे) १८० रुपयांवरून २०५ रुपये झालं. क्वार्टरची किमान किंमत देशीला ८० रुपये आणि विदेशीला २०५ रुपये ठरली. यातलं पहिलं शुल्क निर्मितीमूल्याच्या पटीत आहे, ते खर्चाबरोबर आपोआप वाढेल. देशीवरचं शुल्क मात्र रुपयांत लिहिलेलं आहे. मजुरी वाढेल, तांदूळ वाढेल, रिक्षाचं भाडं वाढेल आणि २०५ रुपये तिथेच राहतील, म्हणजे सर्वांत गरीब वस्तीत खपणारी बाटली दरवर्षी थोडी स्वस्त होत जाईल. अर्थसंकल्पात दर एप्रिलला हा आकडा महागाईच्या प्रमाणात वाढवायची तरतूद करायला एका ओळीचा बदल पुरेसा आहे.